त्यांच्याच भल्यासाठी

इ. स. १५१३ मध्ये स्पेनच्या दरबारातील हुआन लोपेझ दे पालासिओस रुबिओस नावाच्या कायदेपंडिताने एक जाहीरनामा लिहिला. 'रेकेरिमिएन्तो' हे त्याचे नाव. मराठीत त्याला ताकीदनामा म्हणता येईल. समुद्रापलीकडच्या नव्या मुलखात स्पॅनिश सैन्याने पाऊल ठेवले, की लढाईपूर्वी हा ताकीदनामा तिथल्या रहिवाशांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तो वाचल्याची नोंद सोबतच्या नोटरीने लेखी करून ठेवायची, असा दंडक होता. मजकूर साधारण असा होता: ईश्वराने जग निर्माण केले, सेंट पीटरला साऱ्या मानवजातीचा प्रमुख नेमले, त्याच्या गादीवरच्या पोपने हा मुलूख आमच्या राजाला बहाल केला, तेव्हा तुम्ही हे कबूल करा. कबूल कराल तर तुम्हाला मायेने वागवू. नाही कराल तर तुमच्यावर चाल करून येऊ, तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, तुमची चीजवस्तू घेऊ. आणि त्यात जी माणसे मरतील, जे नुकसान होईल, त्याचा दोष राजाचा नाही, आमचाही नाही, तो तुमचाच असेल.

हे सारे स्पॅनिश भाषेत. ऐकणाऱ्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. अनेकदा तर ऐकणारे कोणी नसतच. गाव रिकामे पडलेले असे, किंवा जहाजावरूनच किनाऱ्याकडे तोंड करून वाचन उरकले जाई. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने पुढे लिहून ठेवले आहे, की हा कागद वाचून हसावे की रडावे ते कळत नाही.

वाचकहो, जुलूम ही जगात नवी गोष्ट नाही. तलवार ज्याच्या हातात असते तो लुटतो, हे आपल्या आजीलाही माहीत होते. मला नवल वाटते ते त्या कागदाचे. ज्याच्याकडे घोडे आहेत, पोलाद आहे, तोफा आहेत, त्याला कागदाची गरज का पडावी? समोरच्याला समजावण्यासाठी तो नव्हताच. तो वाचणाऱ्याने स्वतःच्या जमीरसाठी लिहिला होता. त्याला मुलूखही हवा होता आणि नेकीही हवी होती. लुटून घरी गेल्यावर रात्री शांत झोप लागावी, एवढ्यासाठी तो दोष आगाऊच समोरच्याच्या नावावर लिहून ठेवत होता.

निव्वळ लुटारूपेक्षा, लुटताना 'हे तुमच्याच भल्यासाठी' असे मनापासून मानणारा माणूस अधिक दोषी की कमी दोषी, हा प्रश्न मला पडतो. अमेरिका खंडातील मूलनिवासींचा इतिहास वाचताना तो पानोपानी समोर येतो.

आपल्याकडे शाळेत हा इतिहास एका ओळीत संपतो: १४९२ साली कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला. आमच्या उर्दूच्या पुस्तकात त्याला 'दरयाफ्त' म्हणतात. एकदा सातवीच्या वर्गात हे शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, वहाँ लोग पहले से रहते थे ना? फिर दरयाफ्त किसने किसको किया?" वर्ग हसला, पण मला तो प्रश्न आवडला. कारण उर्दूत दरयाफ्त या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शोधून काढणे आणि दुसरा विचारपूस करणे, समोरच्याला विचारणे. कोलंबसाने पहिल्या अर्थाने दरयाफ्त केली. दुसऱ्या अर्थाने ती व्हायची राहूनच गेली.

१४९२ हे साल आपल्या वाचकांना दुसऱ्याही कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी २ जानेवारीला गर्नाता, म्हणजे ग्रॅनडा, स्पेनच्या राजाराणीच्या स्वाधीन झाले. अल्हम्रावर त्यांचे निशाण चढताना कोलंबस तिथे हजर होता, हे त्यानेच आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. शरणागतीच्या तहात मुसलमानांना त्यांचा धर्म, त्यांच्या मशिदी, त्यांचे काझी राखण्याचे वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस गर्नात्यात आला, घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले, बिबराम्बला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. १५०२ मध्ये कास्तीलच्या राज्यात मुसलमानांपुढे दोनच पर्याय उरले, धर्म बदला किंवा देश सोडा. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्याही वंशजांना, सुमारे तीन लाख माणसांना, १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवले गेले.

हीच माणसे, हीच सवय, पुढे समुद्र ओलांडून गेली. हर्नान कोर्तेसने मेक्सिकोहून बादशहा पाचव्या चार्ल्सला पाठवलेल्या पत्रांत तिथल्या देवळांना सरळ 'मेस्कीता' म्हणजे मशिदी म्हटले आहे. ज्यांनी मुसलमान हा शब्दही कधी ऐकला नव्हता, त्यांची देवळे मशिदी ठरली! कारण परका आणि पराभूत करायचा माणूस म्हणजे मशिदीत जाणारा, एवढेच चित्र त्यांच्या डोक्यात पक्के होते. मुसलमानांना घोड्याच्या टापांखाली तुडवणारा संत सांतियागो स्पेनमध्ये 'मातामोरोस' म्हणजे मूरांचा संहारक म्हणून पुजला जात असे. अमेरिकेत त्याच घोड्याखाली इंडियन माणूस आला आणि संताचे नाव 'मातैंदिओस' झाले.

इथवर वाचून आपल्यापैकी काहींना वाटेल, बघा, शेवटी हीही आपल्याच मजलूमियतची कहाणी निघाली. मला हे सोपे समाधान नको आहे. आमच्याच उर्दू पुस्तकांत ७११ साली तारिक बिन झियाद स्पेनमध्ये उतरला त्याला 'फतह-ए-अंदलुस' म्हणतात आणि १४९२ ला 'सुकूत-ए-गर्नाता' म्हणतात. आपण गेलो तर फतह, आपल्याला घालवले तर सुकूत. स्पॅनिश लोक त्याच दोन घटनांना नेमके उलटे शब्द वापरतात. शब्द बदलले की जखम बदलत नाही. काही इतिहासकारांनी तर असेही मांडले आहे, की लढाईपूर्वी समोरच्याला धर्माचे आवाहन करण्याची रेकेरिमिएन्तोची कल्पनाच अंदलुसच्या मुस्लिम रिवाजाची छाया आहे, आठशे वर्षांच्या शेजाराने उचललेली. सगळ्यांना हे मान्य नाही. पण हे ऐकून आपण कानावर हात ठेवू नयेत. धर्मात जबरदस्ती नाही हे कुरआनचे वचन आपण सभांतून अभिमानाने सांगतो. मग ज्या आवाहनामागे फौज उभी आहे ते आवाहन असते की धमकी, हा प्रश्न स्पेनच्या पाद्र्यांना विचारायचा आणि आपल्या बादशहांना विचारायचा नाही, हा इन्साफ नव्हे.

२०१४ साली तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनी जाहीर भाषणात सांगितले, की मुस्लिम खलाशी कोलंबसाच्या तीनशे वर्षे आधी अमेरिकेत पोहोचले होते. इतिहासाचे अभ्यासक याला आधार मानत नाहीत. तरी आमच्याकडे मोठ्या हौसेने ती बातमी एकमेकांना दाखवली गेली. समजा, पोहोचले असते. मग? तिथे गेल्यावर आपण काय केले असते, हा प्रश्न त्या हौसेत कोणालाच पडला नाही. पहिले पाऊल कोणाचे पडले याचा एवढा अभिमान, आणि ज्यांच्या अंगणात पडले त्यांचे नावही माहीत नाही.

त्यांचे नाव ताइनो. कोलंबस ज्या बेटांवर उतरला तिथले हे लोक. हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर, त्यांची वस्ती किती होती याबद्दल अभ्यासकांत लाखापासून कित्येक लाखांपर्यंत मतभेद आहेत. १५१४ साली स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांची वाटणी करण्यासाठी मोजणी केली तेव्हा सुमारे २६ हजार भरले. बावीस वर्षांत एवढे उरले. 'वाटणी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. गावेच्या गावे स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या ताब्यात दिली जात. त्यांनी इंडियनांकडून काम घ्यायचे आणि बदल्यात त्यांचे रक्षण करायचे, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. या पद्धतीचे नाव 'एन्कोमिएन्दा'. शब्दाचा अर्थ काय, तर विश्वासाने सोपवलेली गोष्ट. आपल्या भाषेत, अमानत. सोन्याच्या नदीत दिवसभर कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस कागदावर अमानत होता. अमानत या शब्दाचे वजन आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

याविरुद्ध पहिला आवाज त्याच समाजातून उठला, हेही सांगितले पाहिजे. २१ डिसेंबर १५११ रोजी सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस नावाच्या डोमिनिकन पाद्र्याने समोर बसलेल्या वसाहतवाल्यांना तोंडावर विचारले, की ही माणसे नाहीत काय, यांना आत्मा नाही काय, कोणत्या हक्काने तुम्ही यांना असे राबवता? श्रोते खवळले, माफी मागण्याची मागणी झाली, आणि पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा सांगितले. त्या बेटावर तेव्हा लास कासास राहत होता. त्याच्याकडेही इंडियनांची 'अमानत' होती. १५१४ मध्ये त्याने ती परत केली आणि उरलेले आयुष्य, म्हणजे १५६६ पर्यंतची बावन्न वर्षे, या लोकांची वकिली करण्यात घालवली. पण त्याच लास कासासने सुरुवातीच्या काळात असाही सल्ला दिला होता, की इंडियनांना सोडवायचे तर आफ्रिकेतून गुलाम आणावेत. उतारवयात त्याने याचा पश्चात्ताप लिहून ठेवला. एकावरचा जुलूम दूर करायला दुसऱ्याची मान पुढे करणे ही खोड भल्या माणसांतही असते.

१५५० आणि ५१ साली स्पेनच्या वायादोलिद शहरात एक विलक्षण वादसभा भरली. पंडितांच्या मंडळापुढे एका बाजूला लास कासास, दुसऱ्या बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा हा ॲरिस्टॉटलचा मोठा जाणकार. विषय हा, की या लोकांना आधी युद्धाने जिंकून मग धर्म शिकवणे न्याय्य आहे काय. विजेत्यांनी आपल्याच विजयाचा हिशेब भर दरबारात मांडावा, असे इतिहासात फारसे घडत नाही. त्याबद्दल स्पेनला श्रेय दिले पाहिजे. आणि ज्यांच्याबद्दल वाद होता त्यांच्यापैकी एकही माणूस सभेत नव्हता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

सेपुल्वेदाचे म्हणणे, काही माणसे जन्मतःच ताबेदारीसाठी असतात. ॲरिस्टॉटलच्या राजनीतीवरील ग्रंथातला हा विचार. (इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलच्या बहुतेक ग्रंथांवर भाष्ये लिहिली, पण हा ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, म्हणून त्याने प्लेटोच्या ग्रंथावर लिहिले. हे पाप तरी आपल्या माथी नाही.) सेपुल्वेदा म्हणतो, स्पॅनिशांच्या मानाने इंडियन म्हणजे मोठ्यांपुढे मुले, पुरुषांपुढे स्त्रिया. ही दुसरी उपमा वाचून मी पुस्तक मिटले होते. खंड कोणताही असो, कोणाला खालचे ठरवायचे तर मोजपट्टी म्हणून बाईच हाताशी असते! पण पहिल्या उपमेतच त्याची खरी गोम आहे. मूल वाढते. आज ज्याचे बोट धरतो ते उद्या बोट सोडते, वाद घालते, कधी आपल्यालाच शिकवते. सेपुल्वेदाच्या हिशेबातली ही मुले मात्र कधी मोठी होणार, याची तारीखच नाही.

त्याचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मेक्सिकोत अझ्टेक लोक नरबळी देत होते. हे स्पॅनिशांनी रचलेले कुभांड नाही. आकड्यांत अतिशयोक्ती असेल, पण उत्खननात कवट्यांच्या राशी सापडल्या आहेत. सेपुल्वेदा विचारतो, निरपराध माणसाची छाती फाडली जात असताना ज्याच्याकडे ताकद आहे त्याने पाहत बसायचे काय? हा प्रश्न ऐकून गप्प बसावे लागते. आपल्या शेजारच्या घरात कोणी सुनेला जाळत असेल तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून आपण दार लावून घेणार काय? आजच्या अनेक मूलनिवासी-प्रेमी लेखकांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो आणि ते तो टाळतात. तो टाळून चालणार नाही.

लास कासासने तो टाळला नाही. त्याचे एक उत्तर असे, की ज्यांना वाचवायचे त्यांच्यापेक्षा वाचवताना मरणारे कितीतरी पट अधिक असतील तर ते वाचवणे नव्हे. दुसरे उत्तर अधिक धाडसाचे होते. माणूस आपल्या परमेश्वराला आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे ते देऊ पाहतो, आणि जिवाहून मोलाचे काय? म्हणजे ते चुकले, पण जनावरासारखे नाही चुकले. श्रद्धावान माणूस चुकतो तसे चुकले. दर बकरीदला हजरत इब्राहीम आणि त्यांच्या मुलाची आठवण करणाऱ्या आपल्यासारख्यांना या उत्तराशी थोडे थांबावे लागते. आपल्या कथेत सुरी थांबवली गेली, हे खरे, आणि तोच आपल्या कथेचा अर्थ आहे. पण सुरी उचलणारा बाप रानटी नव्हता, एवढे तर आपण जाणतो.

मला यापुढे एक साधी गोष्ट सुचते. वाचवणारा खरा की खोटा हे तो वाचवल्यानंतर काय करतो त्यावरून कळते. शेजारच्या सुनेला वाचवायला मी दार तोडले, तर तिला बाहेर काढून मी परत यायला हवे. तिच्या घराचा उतारा माझ्या नावावर झाला असेल तर पंचनामा वेगळा होईल. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तितलान पडले आणि नरबळी थांबले. स्पॅनिश मात्र परत गेले नाहीत. ज्या त्लाक्सकाला राज्याच्या हजारो योद्ध्यांनी अझ्टेकांच्या जाचाला कंटाळून कोर्तेसला साथ दिली होती, तेही पुढे स्पेनच्या राजाची रयतच झाले. आणि हा वाद काही वायादोलिदमध्ये संपलेला नाही. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हाही आधी धोकादायक शस्त्रांचा कागद वाचला गेला, ती शस्त्रे सापडली नाहीत तेव्हा इराकी जनतेच्या सुटकेचा कागद पुढे आला. सद्दाम जालीम होताच. म्हणूनच तो कागद एवढा खपला.

काहीजण म्हणतात, हा सारा दोष माणसांच्या माथी का मारता? बहुतेक माणसे देवीच्या साथीने मेली. हे बऱ्याच अंशी खरे आहे. १५१८ च्या अखेरीस देवी हिस्पानिओलावर आली, १५२० मध्ये मेक्सिकोत पोहोचली, मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक तिनेच गेला. पुढे गोवर, इतर तापाच्या साथी. दीडशे वर्षांत अनेक भागांतली ८० ते ९० टक्के वस्ती नाहीशी झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. जंतू काय असतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे रोग आणल्याचा गुन्हा त्यांच्यावर लावता येणार नाही. पण घरात तापाने फणफणलेला माणूस असताना त्याला खाणीवर नेणे, शेत नांगरायला घरी कोणी न ठेवणे, हे जंतूने केले नाही. नीयत साफ होती एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. आपल्याकडे अमल नीयतीवर तोलला जातो, पण दुसऱ्याचा हक्क बुडवलेला असेल तर तो ज्याचा त्याला परत केल्यावाचून नुसती तौबा पुरत नाही, हेही आपल्याकडेच शिकवतात.

आणि तो हिशेब आपल्यापर्यंतही येतो. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने इंकांच्या जुन्या वेठीच्या प्रथेला, 'मिता'ला, नवे रूप दिले आणि दरवर्षी सुमारे १३ हजार माणसे आळीपाळीने त्या डोंगरात व पाऱ्याच्या घाण्यांवर जाऊ लागली. ती चांदी युरोपातून, लेव्हांट आणि होर्मुझमार्गे, सुरतेच्या टांकसाळीत पोहोचली. मोगलांचा जो शुद्ध चांदीचा रुपया आपण मोठ्या कौतुकाने संग्रहालयात पाहतो, त्यात या चांदीचा मोठा वाटा होता. आपले कापड देऊन आपण ती घेतली, सौदा सरळ होता. तरी त्या रुपयावरचा कलमा वाचताना मला आता तो डोंगरही दिसतो.

आपल्या ताटातले तर विचारूच नका. मिरची, मका, शेंगदाणा, टोमॅटो, सीताफळ, सारे तिकडचे, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले. अननस आणि काजू हे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचे. बटाटा हा शब्द ताइनोंचा. उर्दूत ज्याला आपण अमरूद म्हणतो त्याला मराठीने पेरू म्हटले.

शाळेच्या गोष्टीपाशी मात्र मला थांबलेच पाहिजे, कारण माझा पेशा तो आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त केले म्हणून. त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकन इंडियनांवर केलेल्या क्रौर्याची तुलना आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या इतिहासाशी केली आहे. म्हणजे फुल्यांची नजर दोन्हीकडे होती. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७९ मध्ये, त्याच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने इंडियन मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बोलण्यास बंदी केली. प्रॅट स्वतःला या मुलांचा हितचिंतक समजत असे आणि त्या काळच्या मानाने तो खरोखरच हितचिंतक होता. इतरजण तर 'यांना मारूनच टाका' म्हणत होते. मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचे सूत्र. कॅनडात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. २०१५ साली तिथल्या सत्य व सलोखा आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. अमेरिकेच्या सरकारी चौकशीत २०२४ पर्यंत ९७३ मुलांच्या मृत्यूंची नोंद झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी माफी मागितली.

फुल्यांनी ज्या शाळेकडे मुक्तीचे दार म्हणून पाहिले, तीच शाळा दुसरीकडे घर पुसून टाकण्याचे साधन झाली. फरक कुठे आहे? सक्तीत म्हणावे तर सक्ती मीही करते. पहिलीतले मूल रडत येते, त्याला आत घेऊन दार लावणारी मीच असते. मला वाटते, फरक परतीच्या वाटेत आहे. माझ्या वर्गातून शिकून गेलेली मुलगी घरी जाऊन आपल्या नानीशी तिच्या बोलीत बोलू शकली पाहिजे आणि उद्या माझ्याशी तावातावाने वादही घालू शकली पाहिजे. कार्लाइलच्या शाळेने ही दोन्ही दारे बंद केली. मूल घरी परतले तरी आईशी बोलायला त्याच्याजवळ भाषा उरली नव्हती.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना 'मुलांच्या भल्यासाठी ही माध्यमे बंद करा' हे वाक्य वर्षातून चार वेळा ऐकावे लागते. बोलणारे सगळेच दुष्ट नसतात. मराठी आणि इंग्रजी आमच्या मुलांना आलीच पाहिजे, मी स्वतः हा लेख मराठीत लिहिते आहे. पण निर्णय घेणाऱ्यांनी आमच्या पालकांना कधी विचारले आहे, असे मला दिसलेले नाही. आणि तेच वाक्य आमच्या मोहल्ल्यातही ऐकू येते. आठवीनंतर मुलीचे नाव काढायला आलेला बाप माझ्यासमोर बसतो आणि म्हणतो, "टीचर, उसी के भले के लिए कर रहा हूँ." तो खोटे बोलत नसतो. त्याचे मुलीवर प्रेम असते. मुलगी दाराशी उभी असते आणि तिला कोणी काही दरयाफ्त केलेले नसते. मी दाखल्याचा अर्ज बाजूला ठेवते आणि आधी तिला आत बोलावते. कधी उपयोग होतो, कधी होत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनने जाहीर केले, की ज्या सिद्धान्ताच्या आधारे नव्या मुलखावर 'शोधणाऱ्या'चा हक्क मानला गेला, तो सिद्धान्त चर्चची शिकवण नाही. पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांपासून इथवर यायला पाच शतके लागली. तोवर तो सिद्धान्त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये जमिनीच्या कायद्यात रुजवला होता, आणि २००५ मध्येसुद्धा ओनायडा लोकांच्या जमिनीच्या खटल्यात त्याचा उल्लेख झाला. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या अध्यक्षांनी स्पेनच्या राजाला पत्र लिहून माफीची मागणी केली तेव्हा स्पेनच्या सरकारने साफ नकार दिला; पाचशे वर्षांपूर्वीच्या घटना आजच्या विचारांनी जोखता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण १५११ मध्ये मोन्तेसिनोसने विचारले ते आजच्या विचारांनी नव्हते. त्यांच्याच चर्चमध्ये, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच काळात विचारले होते.

आणि ज्यांच्यावर बेतले त्यांनीही विचारले होते. क्यूबात हातुए नावाच्या सरदाराला १५१२ मध्ये खांबाला बांधून जाळण्यापूर्वी पाद्री त्याला स्वर्गाबद्दल सांगत होता. हातुएने विचारले, तिथे स्पॅनिश लोकही जातात काय? पाद्री म्हणाला, चांगले असतील ते जातात. मग मला तिथे जायचे नाही, असे तो म्हणाला. लास कासासने हे नोंदवले आहे.

पेरूच्या डोंगरात वामान पोमा नावाच्या एका वृद्ध इंडियनाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या राजाला एक पत्र लिहिले. पत्र कसले, सुमारे १२०० पानांचा ग्रंथच. त्यात स्वतः काढलेली ३९८ चित्रे. भाषा राजाची, स्पॅनिश, आणि अधूनमधून आपली, केचुआ. त्यात त्याने आपल्या लोकांचा इतिहास सांगितला, पाद्री आणि अधिकारी काय करतात ते चित्रांसह दाखवले, आणि राज्यकारभार कसा सुधारावा याच्या सूचनाही केल्या. एका भागात तर त्याने कल्पनेने राजाला प्रश्न विचारायला लावले आहेत आणि स्वतः उत्तरे दिली आहेत. १६१५ च्या सुमारास हे लिखाण पुरे झाले. राजाने ते वाचल्याचा काही पुरावा नाही. १९०८ साली ते डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या राजग्रंथालयात, एका जर्मन अभ्यासकाच्या हाती लागले.